भीमबेटकाची भिंत आणि आग्या मोहोळ

फेब्रुवारी २०२१ मध्ये देशातल्या अनेक वर्तमानपत्रांत एक बातमी ठळकपणे झळकली. भोपाळजवळच्या भीमबेटका येथे, गुहेच्या भिंतीवर, सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या 'डिकिन्सोनिया' या जीवाचा ठसा सापडला, भारतातला पहिलाच! 'गोंडवना रिसर्च' या शोधपत्रिकेत तसा निबंधही प्रसिद्ध झाला होता. दोन वर्षांनी, २०२३ च्या सुरुवातीला, त्याच पत्रिकेतल्या दुसऱ्या निबंधाने सांगितले की तो जीवाश्म नव्हे. आग्या मोहोळाचे पोळे उठून गेल्यावर दगडाला चिकटून राहिलेला तो अवशेष आहे. पहिली बातमी कात्रण करून शाळेच्या फलकावर लावावी अशी होती. दुसरी तेवढी दूर पोचली नाही. म्हणून या दोन निबंधांकडे जरा सावकाश पाहावे असे आम्हाला वाटले.

दुसऱ्या बातमीला हसून मोकळे होण्याचा मोह होतो. 'एवढे मोठे शास्त्रज्ञ आणि मोहोळ ओळखता आले नाही?' आग्या मोहोळ आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही गुराख्याला ठाऊक असते. अजिंठ्याच्या डोंगररांगेतल्या कड्यांना, जुन्या वडाच्या फांद्यांना, मोठ्या इमारतींच्या छज्जांना ही एकेकच, उघडी, अर्धवर्तुळाकार पोळी लटकतात. हंगाम संपला की माश्या उठून जातात, पोळे झडते आणि दगडावर मेणाचा लांबट वण राहतो. पण हसण्यात एक गोष्ट निसटते. चूक माशीबद्दलच्या अज्ञानाची नव्हती. ती पुराव्याची होती, आणि त्या पुराव्यावर खूप मोठे ओझे लादले गेले होते.

ते ओझे समजायला आधी खरा डिकिन्सोनिया पाहू. १९४६ साली रेग स्प्रिग हे भूशास्त्रज्ञ दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एडियाकरा टेकड्यांत जुन्या खाणींची पाहणी करत होते. तेथे वालुकाश्माच्या लाद्यांवर त्यांना विचित्र ठसे दिसले. त्यांतल्या एका लंबगोल, मधोमध रेघ आणि दोन्ही बाजूंना वळ्या असलेल्या ठशाला त्यांनी पुढच्याच वर्षी, खाण खात्याचे तिथले प्रमुख डिकिन्सन यांच्यावरून, डिकिन्सोनिया हे नाव दिले. या जीवांना कवच नव्हते, हाड नव्हते, दात नव्हते. असे मऊ शरीर खडकात टिकते कसे, हा प्रश्न वर्गात कोणीतरी विचारतेच. त्याचे उत्तर समुद्राच्या तळावर आहे. त्या काळी तळावर सूक्ष्मजीवांचा सायीसारखा चिवट थर पसरलेला असे. वादळात वाळू येऊन या सायीवरचे जीव गाडले जात. शरीर कुजून जाण्याआधी वरची वाळू घट्ट होई आणि थराच्या खालच्या बाजूवर साचा उठे. म्हणून हे ठसे वालुकाश्माच्या थरांच्या पृष्ठांवर, बहुतेक वेळा थराच्या तळाच्या बाजूला मिळतात. ही गोष्ट लक्षात ठेवावी; पुढे तिचे काम आहे.

त्या काळी पाठ्यपुस्तकांत लिहिलेले असे की कँब्रियन काळापूर्वीच्या खडकांत मोठ्या जीवांचे अवशेष नसतात. इंग्लंडमधल्या चार्नवुड जंगलात १९५६ साली टीना नेगस या शाळकरी मुलीला खडकावर पानासारखा ठसा दिसला. तिने भूगोलाच्या शिक्षिकेला सांगितले, तर उत्तर मिळाले की त्या खडकांत जीवाश्म असूच शकत नाहीत. पुढच्या वर्षी रॉजर मेसन या मुलाला तोच ठसा दिसला. ती गोष्ट ट्रेव्हर फोर्ड या भूशास्त्रज्ञांपर्यंत पोचली आणि १९५८ मध्ये त्याचे 'चार्निया मेसोनाय' असे नामकरण झाले. शिक्षकांनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी, पण 'पुस्तक नेहमी चुकीचे असते' हे शिकवण्यासाठी नको. मुलीचे निरीक्षण बरोबर होते हे ठरले ते पुन्हा कोणीतरी तिथे जाऊन तोच ठसा पाहू शकले म्हणून.

आज आपण ६३.५ कोटी ते सुमारे ५३.९ कोटी वर्षांपूर्वीच्या काळाला एडियाकरन काळ म्हणतो. हे नाव २००४ साली अधिकृत झाले. डिकिन्सोनिया प्राणी, शैवाल, दगडफूल की भलतेच काही, यावर अनेक दशके वाद चालला. २०१८ मध्ये इल्या बोब्रोव्स्की आणि सहकाऱ्यांनी रशियातल्या श्वेत समुद्राकाठच्या, ५५.८ कोटी वर्षांच्या ठशांवरचा सेंद्रिय पापुद्रा तपासला. त्यातल्या स्टिरॉइड रेणूंपैकी ९३ टक्क्यांपर्यंत कोलेस्टेरॉलपासून आलेले होते, आणि आसपासच्या सायीत हे प्रमाण जेमतेम ११ टक्के होते. कोलेस्टेरॉल ही प्राण्यांची खूण. आकारावरून साठ-सत्तर वर्षे जे सुटले नाही, ते रेणूंवरून बरेचसे सुटले. कोंडी फुटली ती ठसा ज्या पदार्थाचा आहे तो तपासल्यावर.

आता भीमबेटका. बुलढाण्याहून उत्तरेला सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की विंध्याचा वालुकाश्म लागतो. तेथील शैलाश्रय १९५७ साली प्रकाशात आणले ते विष्णु श्रीधर वाकणकर यांनी, हे मराठी वाचकाला सांगायला नको. २००३ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. मार्च २०२० मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय भूशास्त्र परिषद भरायची होती. साथीमुळे ती पुढे ढकलली गेली. त्यासाठी आलेले ओरेगॉन विद्यापीठाचे ग्रेगरी रिटॅलॅक आणि सहकारी या काळात भीमबेटका पाहायला गेले. 'ऑडिटोरियम' नावाच्या मोठ्या गुहेत, डोक्यापेक्षा बऱ्याच उंचीवर, त्यांना जवळपास दीड फूट लांबीचा पानासारखा आकार दिसला. मधोमध रेघ, दोन्ही बाजूंना वळ्या. त्यांनी छायाचित्रे घेतली, त्यांवरून संगणकावर त्रिमिती प्रतिमा केली आणि निष्कर्ष काढला: 'डिकिन्सोनिया टेन्युइस'.

या निबंधात चांगले काय होते? प्रामाणिकपणा होता. जागा नेमकी सांगितली होती, चित्रे स्पष्ट छापली होती. संरक्षित वास्तूवर छिन्नी चालवली नाही, हेही योग्यच. ऑस्ट्रेलियातल्या रॉन्स्ली वालुकाश्मातल्या ठशांशी तुलना तपशिलाने केलेली होती.

उणे होते ते असे. संपूर्ण ओळख बाह्यरेषेवर उभी होती. वालुकाश्मातला साचा हा वाळूच्याच कणांचा असतो; तो खडकापासून वेगळा होऊ शकत नाही, कारण तो खडकच आहे. भिंतीवरची वस्तू खडकाची आहे की खडकावर चिकटलेली, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर छायाचित्रातून मिळत नाही. ते बोट लावून, भिंग लावून मिळते. दुसरा प्रश्न बाजूचा. भीमबेटकातले थर जवळपास आडवे आहेत. जीवाश्म थराच्या पृष्ठावर असतो, म्हणजे तो गुहेच्या जमिनीवर किंवा छताला दिसायला हवा. हा आकार होता उभ्या भिंतीवर. वहीच्या पानावरचे चित्र वहीच्या कडेवर शोधण्यासारखे हे झाले. संपादकांनी व परीक्षकांनी हा प्रश्न लेखकांना घालायला हवा होता असे आमचे मत आहे. छापून आलेल्या निबंधावरून तो घातला गेल्याचे दिसत नाही.

बातम्यांचे पाप वेगळेच. अनेक ठिकाणी मथळा होता 'सर्वांत जुना प्राणी भारतात'. गंमत अशी की ज्यांनी हा शोध लावला ते रिटॅलॅक या जीवांना प्राणी मानायलाच फारसे तयार नव्हते. ऑस्ट्रेलियातले एडियाकरन ठसे जमिनीवरच्या मातीत वाढणाऱ्या, दगडफुलासारख्या जीवांचे असावेत, असे त्यांनी 'नेचर'मध्ये २०१२ च्या अखेरीस मांडले होते. बहुतेक तज्ज्ञांना ते पटले नाही, पण मत त्यांचे होते. निबंध न वाचता मथळा लिहिला की असे होते.

जोसेफ मीर्ट, मनोज पंडित, सॅम्युएल क्वाफो आणि अनन्या सिंघा यांनी प्रत्यक्ष जाऊन जे पाहिले ते आता साधे वाटते. 'जीवाश्म' भिंतीवरून सोलून निघत होता. मधल्या काळात त्याची झीज इतकी झाली होती की ५५ कोटी वर्षे टिकलेली वस्तू दोन-तीन वर्षांत नाहीशी व्हायला लागली म्हणायचे. आजूबाजूला आग्या मोहोळांची पोळी आणि त्यांचे अवशेष होते. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात माशीचा डंख आणि गुणगुण यांवर कोटी केली आहे. ती आम्हाला आवडली नाही. आपल्यासारख्याच माणसाच्या चुकीवर शोधनिबंधाच्या मथळ्यातून विनोद करू नये. पण आतला युक्तिवाद चोख आहे. रिटॅलॅक यांनीही तो मान्य केला, जाहीरपणे. या साऱ्या प्रकरणात आम्हाला सर्वांत शिकवण्याजोगी वाटली ती हीच घटना, आणि वर्तमानपत्रांना ती सर्वांत कमी महत्त्वाची वाटली.

येथवर ही मोहोळाची गोष्ट. परंतु मीर्ट एवढ्या लगबगीने गुहेत का गेले? कारण त्या एका आकारावर सबंध विंध्य खडकांचे वय टांगले गेले होते. ज्या मैहर वालुकाश्मात तो दिसला तो विंध्याच्या अगदी वरच्या, भांडेर गटातला. तेथे डिकिन्सोनिया असेल तर तो थर ५५ कोटी वर्षांचा, आणि त्या सुमारास भारत व ऑस्ट्रेलिया गोंडवन भूखंडात जोडले गेले होते या मताला आधार. मीर्ट यांच्या गटाचे मत मात्र २००८ पासून असे आहे की वरचे विंध्य खडकसुद्धा जवळपास १०० कोटी वर्षांचे आहेत. फरक थोडाथोडका नाही, ४५ कोटी वर्षांचा. डायनासोर पहिल्यांदा अवतरल्यापासून आजपर्यंतच्या काळाची जवळजवळ दुप्पट.

मग पोळे सिद्ध झाले म्हणून १०० कोटी सिद्ध झाले का? नाही. हे नीट पाहायला हवे, कारण दुसरा निबंध वाचून घाईने हाच निष्कर्ष काढला जातो. एका बाजूचा साक्षीदार खोटा ठरला म्हणून दुसऱ्या बाजूचा दावा आपोआप खरा होत नाही. १०० कोटींचा आधार आहे वाळूतल्या झिरकॉनच्या कणांचा. झिरकॉनमध्ये थोडे युरेनियम अडकलेले असते, त्याचे ठराविक वेगाने शिसे होते, म्हणून कण कधी स्फटिक झाला ते मोजता येते. पण तो कण कुठल्यातरी जुन्या पर्वतातून झिजून आलेला असतो. सिंदखेडराजाच्या एखाद्या जुन्या भिंतीच्या चुन्यात नाणे सापडले तर भिंत त्या नाण्यानंतर बांधली एवढेच कळते. किती नंतर, ते नाही. मैहर वालुकाश्मातले सर्वांत तरुण कण १०० कोटींहून थोडे अधिक वयाचे निघाले, म्हणजे खडक त्यानंतरचा. दोन वर्षांनंतरचा की चाळीस कोटी वर्षांनंतरचा, हे वाळू सांगत नाही. म्हणून मीर्ट यांचा गट आणखी एक दुवा जोडतो. पन्ना जिल्ह्यातल्या मझगवाँ येथे हिरे देणारा ज्वालामुखी खडक वरच्या विंध्यातल्या तळच्या कैमूर थरांना छेदून वर आला आहे. त्याचे वय सुमारे १०७ कोटी. थंड होताना खडक तेव्हाच्या चुंबकीय उत्तरेची दिशा धरून ठेवतो, आणि मझगवाँच्या खडकाने धरलेली दिशा व भांडेर थरांनी धरलेली दिशा बरीच जुळते. दोन्ही एकाच सुमाराचे असावेत. पुरावा चांगला आहे, पण आडवाटेचा आहे. विंध्याच्या वरच्या भागाचे वय आम्ही तरी वर्गात 'बहुधा १०० कोटींच्या आसपास' असेच सांगू. 'बहुधा' हा शब्द गाळणार नाही.

विंध्य खडकांनी असा चकवा पूर्वीही दिला आहे. १९९८ साली जवळजवळ एकाच वेळी दोन दावे पुढे आले. अडॉल्फ झाइलाकर, प्रदीप बोस आणि फ्रीडरिश फ्ल्यूगर यांनी 'सायन्स'मध्ये लिहिले की सीधी जिल्ह्यातल्या चोरहट वालुकाश्मात किड्यांनी केलेली बिळे आहेत आणि ती ११० कोटी वर्षांची आहेत. डेहराडूनच्या वाडिया संस्थेतले रफत आझमी यांनी लिहिले की रोहतासगड चुनखडकात कँब्रियनच्या आरंभीचे कवचधारी सूक्ष्म जीवाश्म आहेत, म्हणजे हे खडक जेमतेम ५४ कोटी वर्षांचे. चोरहटचा थर आणि रोहतासगडचा थर दोन्ही खालच्या विंध्यातलेच! एकाने प्राण्यांचा इतिहास दुपटीने मागे नेला, दुसऱ्याने खडकाचे वय निम्म्यावर आणले. २००२ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी खालच्या विंध्यातल्या ज्वालामुखी राखेच्या थरांमधले झिरकॉन मोजले. राखेतला झिरकॉन राख पडली त्या वेळचा असतो, नाण्याची अडचण तेथे येत नाही. वय आले सुमारे १६० कोटी. दोन्ही दावे एकदम अडचणीत आले.

आझमी यांना तर फार सोसावे लागले. त्यांच्या नमुन्यांच्या खरेपणावरच शंका घेतली गेली. पण नंतर स्टीफन बेंग्टसन आणि सहकाऱ्यांनी चित्रकूट भागातून नवे नमुने स्वतः गोळा केले. २००९ मध्ये त्यांनी दाखवून दिले की जीवाश्म खरेच आहेत, फक्त कँब्रियन प्राण्यांचे नाहीत. ते १६० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. २०१७ मध्ये त्यांतल्या एका तंतुमय रूपाला त्यांनी लाल शैवालाच्या जवळचे मानले आणि नाव दिले 'रफत-आझमिया चित्रकूटेन्सिस'. ते निदान टिकले तर बहुपेशीय सजीवांच्या इतिहासातला तो फार मोठा टप्पा ठरतो. आझमींचा अर्थ चुकला, वस्तू टिकली. भीमबेटकाला अर्थ चुकला आणि वस्तूही गळून पडली. दोन्ही वेळा निकाल लागला तो दुसऱ्या कोणाला त्याच जागी जाता आले म्हणून.

आपल्या जिल्ह्यात यातले काही सापडेल का? नाही. बुलढाण्याचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याने झाकलेला आहे, आणि पूर्णेच्या खोऱ्यात त्यावरही नंतरचा गाळ आहे. एडियाकरन ठसे शोधायला मुलांना काळ्या पाषाणात पाठवणे व्यर्थ. पण आकार आणि पुरावा यांतला फरक शिकवायला आपल्याइतकी सोयीची जागा नाही, कारण आपल्याकडे लोणार आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो गोल खड्डा ज्वालामुखीचा मानला जाई, आणि लाव्ह्याच्या पठारावर तसे मानणे मुळीच मूर्खपणाचे नव्हते. तो गोल आहे म्हणून अशनिपाताचा ठरला नाही. १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी खड्ड्याच्या तळातून काढलेल्या खडकात मास्केलिनाइट दाखवले. प्रचंड धक्क्याने फेल्डस्पार या खनिजाची वितळण्यावाचूनच काच होते, ती ही. असा धक्का ज्वालामुखी देऊ शकत नाही. लोणारचे वयही असेच बदलले. कितीतरी पुस्तिकांत ते ५०-५२ हजार वर्षे असे छापलेले आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीने ते ५ लाख ७० हजार वर्षे, ४७ हजार इकडे-तिकडे, असे आले. सहलीला जाताना मुलांना हे दोन्ही आकडे द्यावेत आणि कोणता कशावरून काढला ते त्यांनाच शोधू द्यावे.

आणखी एक प्रयोग शाळेतच होईल. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या भेगांत, अकीक आणि गारगोट्यांत, पुष्कळदा काळ्या रंगाची नाजूक झाडे उमटलेली दिसतात. शाळांच्या संग्रहांत त्यांना 'वनस्पतीचा जीवाश्म' अशी चिठ्ठी चिकटवलेली असते. बहुतेक वेळा ते पाण्याबरोबर भेगेत शिरलेल्या मँगनीज किंवा लोहाच्या ऑक्साइडचे फाटे असतात. चिठ्ठी लगेच फाडू नये. तो दगड मुलांच्या हाती द्यावा, भिंग द्यावे आणि विचारावे: पानाला शिरा आहेत का? फांदी एका भेगेतून दुसऱ्या भेगेत गेली आहे का? कडेने दगड फोडला तर आत काही दिसते का, की नुसता रंगाचा पापुद्रा आहे? मुले काय म्हणतात ते वहीत लिहून घ्यावे, आणि चिठ्ठी बदलायची की नाही ते त्यानंतर त्यांनाच ठरवू द्यावे.